उद्यमबागेतल्या शॉपसाठी रॅक बाहेरून करून घेताना

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कुठल्याही फॅब्रिकेटरकडे जाऊन ‘रॅक करून पाहिजेत’ म्हणा, समोरून पहिला प्रश्न येतो, ‘अंदाजे किती टन होईल?’ शेडच्या छपराची कैची असू दे, जिना असू दे, गेट असू दे, सगळ्याचा दर किलोवर. माल काट्यावर चढतो, काट्याची पावती येते, तिच्यावर बिल होतं. कैचीला आणि गेटला ही रीत ठीक आहे. रॅकला मात्र ती लावू नये, असं माझं मत आमच्या मशीन शॉपचे रॅक करून घेताना पक्कं झालं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात माझ्यासारखे छोटे शॉपवाले खूप आहेत, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

आमचं काम हायड्रॉलिक सिलिंडरच्या भागांचं. रॉड, पिस्टन, ग्लँड, एंड कव्हर. त्यामुळे शॉपमध्ये कायम असणारा माल म्हणजे ईएन ८ आणि ईएन १९ या ग्रेडच्या पोलादाचे सहा मीटरचे बार, होन केलेल्या (आतून घासून गुळगुळीत केलेल्या) ट्यूब, हार्ड क्रोम रॉड आणि कापून उरलेले तुकडे. शिवाय सीएनसी लेथच्या चकचे सॉफ्ट जॉ (काम पकडायचे जबडे), व्हीएमसी मिलिंग मशीनची फिक्श्चर (काम आवळून धरायची साधनं), बीटी ४०चे टूल होल्डर, बोरिंग बार, गेज. बार जमिनीवर लाकडी ठोकळ्यांवर एकावर एक रचलेले असायचे. खालचा पाहिजे झाला की वरचे सगळे हलवायचे, आणि या हलवाहलवीत क्रोम रॉडला ओरखडा पडला की तो रॉड गेला. ओरखड्याच्या धारेवर सील घासून फाटतं आणि सिलिंडर गळायला लागतो. पावसाळ्यात तर जमिनीलगतचा माल बघता बघता तांबूस होतो. बेळगावचा पाऊस आणि ती ओलसर हवा काय असते ते इथल्या माणसाला सांगायला नको.

भोकाभोकांच्या अँगलचे तयार रॅक मी आधी पाहिले. खोकी, फाइली, किरकोळ स्पेअर यांना ते चांगले आहेत. पण सहा मीटरचा बार बाजूने आत सरकवायचा तर समोर खांब नको, आणि त्या रॅकला चारी कोपऱ्यांत खांब असतात. शिवाय आमची फिक्श्चर दोन माणसांनी उचलायची. तेव्हा माप देऊन करून घेण्याला पर्याय नव्हता.

पहिलं काम आपलंच असतं आणि ते दुसऱ्या कुणावर टाकता येत नाही. रॅकवर नक्की काय ठेवणार, त्याचं वजन किती आणि ते दिवसातून कितीदा काढणार, याचा तक्ता करणं. गोल बारचं वजन काढायचं सूत्र आपल्याकडे प्रत्येक टर्नरला पाठ असतं: व्यासाचा मिलिमीटरमधला वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला इतके किलो. ९० मिलिमीटरचा बार मीटरला बरोबर ५० किलो, सहा मीटरचा पूर्ण बार ३०० किलो. ६३चा मीटरला साडेचोवीस, पूर्ण बार १४७ किलो. ४०चा पूर्ण बार साठच्या आत. असं मांडत गेलो तेव्हा लक्षात आलं की ६३चे दहा बार एका मजल्यावर ठेवले की दीड टन होतो. हा आकडा कागदावर असणं आणि डोक्यात ‘बरंच वजन आहे’ असं असणं यात फार फरक आहे. फिक्श्चर आणि जॉ तर आम्ही सरळ काट्यावर ठेवून मोजले.

हा तक्ता घेऊन दर मागवले. बेळगावजवळच्या मच्छेतले आणि उद्यमबागेतले फॅब्रिकेटर होते, कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीतला एक होता. एकाने तक्ता बाजूला ठेवला आणि सगळं ‘हेवी’ करून साडेतीन टनांचा अंदाज दिला. खांबाला २००चा आय-बीम, खांबातून पुढे येणाऱ्या, बार ठेवायच्या हाताला १००चं चॅनेल, कप्प्यांना पाच मिलिमीटरचा सपाट पत्रा. त्याची नियत वाईट नव्हती. किलोवर दर असला की जाड माल घालणं हीच सगळ्यांना सोयीची वाट वाटते. फॅब्रिकेटरला कटिंग-बेंडिंग कमी पडतं, बिल मोठं होतं, आणि गिऱ्हाइकालाही जाड लोखंड बघून बरं वाटतं. त्या व्यवहारात डोकं चालवण्याचे पैसे कुणालाच मिळत नाहीत, म्हणून कुणी डोकं चालवत नाही.

म्हणून मी डिझाइन वेगळं काढलं. खानापूरची एक मुलगी, मेकॅनिकलची इंजिनिअर, घरून थ्रीडी मॉडेलिंगची आणि शीट मेटलची कामं करते. तिला फी ठरवून दिली. त्यात पहिल्याच दिवशी लिहून घेतलं की ड्रॉइंग, थ्रीडी मॉडेल आणि लेझर कटिंगच्या डीएक्सएफ फाइल या सगळ्या माझ्या ताब्यात राहतील. ही अट ठेवाच. पुढे एखादा कप्पा वाढवायचा झाला किंवा फॅब्रिकेटर बदलायचा झाला तर फाइल आपल्या हातात पाहिजे. फी एकूण खर्चाच्या सहा टक्क्यांच्या आत बसली.

ती शॉपमध्ये आली ती थेट टेप काढून बसली नाही. अर्धा दिवस नुसती उभी राहून बघत होती, कोण कुठून काय उचलतो ते. मग मला म्हणाली, “काका, तुमची सगळ्यात जड फिक्श्चर डोक्याच्या उंचीवर आहेत आणि रिकामी खोकी कमरेच्या. हे उलटं करूया आधी.” मग तिने जमिनीपासूनच्या उंचीचे पट्टे ठरवले: रोजचं आणि जड ते गुडघ्यापासून कमरेपर्यंत, हलकं आणि क्वचित लागणारं वर, आणि सगळ्यात खाली दीडशे मिलिमीटर मोकळी जागा, झाडू आणि पाणी जायला.

कप्प्यांच्या पत्र्याचं तिने जे केलं त्यावर मी थोडा रेंगाळतो, कारण सगळी गोष्ट तिथे आहे. कप्पा १२०० बाय ६००चा असावा असं मी सांगितलं होतं. तिने विचारलं, ‘हेच माप का?’ माझ्याकडे खास कारण नव्हतं, चार फूट बाय दोन फूट हे हाताला बसलेलं माप. तिने पत्रा पसरून दाखवला. चारी बाजूंना ४० मिलिमीटरची घडी आणि तिच्या टोकाला आत वळवलेली १५ची धार धरली तर सपाट पत्रा साधारण १३०० बाय ७००चा लागतो. बाजारात पत्रा येतो २५०० बाय १२५०चा. त्यात असा एकच कप्पा बसतो, बाकी सगळी कात्रण. तेच माप ११०० बाय ५०० केलं की पसरलेला पत्रा १२०० बाय ६००च्या आत येतो आणि एका पत्र्यात चार कप्पे निघतात. आमच्या सगळ्यात मोठ्या फिक्श्चरला ५०० खोली पुरत होतीच. फक्त मापाच्या या बदलाने पत्र्याचा खर्च किती खाली आला असेल याचा हिशेब तुम्हीच करा.

मग जाडी. दर कप्प्यावर २५० किलो धरले होते. पाच मिलिमीटरचा सपाट पत्रा नुसत्या दोन टोकांवर टेकवला तर एवढ्या वजनाला गणिताने मधोमध चार सेंटिमीटरचा झोळ येतो, आणि त्याचं स्वतःचं वजन साडेएकवीस किलो. दोन मिलिमीटरचा पत्रा चारी बाजूंनी घडी घालून, खाली मधून टोपीच्या आकाराची एक पट्टी जोडून केला तर वजन चौदा किलोच्या आत राहतं आणि झोळ मोजून काही मिलिमीटर. ताकद जाडीपेक्षा घडीच्या उभ्या उंचीतून येते. कप्प्याची झोळमर्यादा तिने लांबीच्या दोनशेव्या भागाची धरली होती, म्हणजे साडेपाच मिलिमीटर, आणि ती ड्रॉइंगवर लिहिलीही. ड्रॉइंगवर लिहिलेलं तपासता येतं. ‘मजबूत पाहिजे’ हे तपासता येत नाही.

बारच्या रॅकला चार खांब, दीड-दीड मीटरवर, टोकाच्या खांबांच्या पलीकडे बार पाऊण-पाऊण मीटर बाहेर. असं ठेवल्यावर चारी खांबांच्या हातांवर वजन जवळपास सारखं वाटलं जातं: दीड टनाला एकेका हातावर पावणेचारशे किलोच्या आसपास. सहाशे मिलिमीटरच्या हाताला ७५चं चॅनेल पुरलं, खांबाला १५०चा आय-बीम. हाताचं टोक मुळापेक्षा १५ मिलिमीटर वर ठेवलं, म्हणजे गोल बार स्वतःहून आतच राहतो, आणि टोकाला काढता येणारी एक पिन. पायाचा बीम हातांपेक्षा लांब, नाहीतर सगळा रॅक पुढे झुकायला बघतो.

क्रोम रॉडच्या हातांवर मऊ अस्तर पाहिजे होतं. साखर कारखान्याचा जुना कन्व्हेयर बेल्ट भंगारात मिळतो, तो कापून लावायचं माझ्या मनात होतं. ती नको म्हणाली. रबरात लोखंडाच्या चिप्स रुतून बसतात आणि मग तेच अस्तर कानशीसारखं रॉड घासतं, शिवाय खाली ओल धरून ठेवतं. त्याऐवजी यूएचएमडब्ल्यू नावाच्या गुळगुळीत, चिवट प्लास्टिकच्या पट्ट्या, स्क्रूचं डोकं आत बुडवून. त्या पुसता येतात आणि झिजल्या की बदलता येतात.

ड्रॉइंग तयार झाल्यावर पुन्हा दर मागवले आणि या वेळी एकरकमी, नगावर. एकूण वजन सव्वादोन टनांच्या आसपास आलं होतं. बेंडिंग, लेझर आणि बोल्टचं काम वाढल्यामुळे किलोला भागून बघितलं तर दर जास्तच दिसतो. एकूण बिल मात्र पहिल्या साडेतीन टनांच्या अंदाजापेक्षा बरंच खाली होतं.

कोल्हापूरचा दर चांगला होता. अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटर, हायवे सरळ. राज्य बदलतं म्हणून सीजीएसटी-एसजीएसटीच्या जागी आयजीएसटी लागतो, १८ टक्के तेवढेच आणि क्रेडिटही मिळतं, त्यामुळे करात आपलं नुकसान काही नाही. ५०,००० रुपयांच्या वरच्या मालाला ई-वे बिल लागतं. पण आपला पत्रा जॉबवर्कला, म्हणजे त्यावर काम करून घ्यायला, दुसऱ्या राज्यात पाठवला तर किंमत कितीही असो, ई-वे बिल करावंच लागतं, हे सीमेवरच्या शॉपवाल्यांनी ध्यानात ठेवावं. मी बेळगावातच काम दिलं ते वेगळ्या कारणाने. असल्या कामात मधे जाऊन बघावं लागतं, आणि कोगनोळीचा टोलनाका ओलांडून दर वेळी जाणं आपल्याच्याने होत नाही.

काम मच्छेतल्या एका फॅब्रिकेटरला दिलं. गोकाककडचा माणूस, घरी कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी, कामावरच्या पोरांशी हिंदी. ड्रॉइंग बघून त्याने शंका काढलीच. “सावकार, दोनच्या पत्र्यावर अडीचशे किलो राहतंय व्हय?” मी म्हटलं, “अण्णा, एकच रॅक आधी करूया. वजन टाकून बघूया की. नाही राहिलं तर ड्रॉइंग बदलायचं, तुमचे पैसे तुम्हाला.” एका नमुन्याचे पैसे वेगळे द्यायला मी तयार होतो आणि असं कबूल करणाऱ्या गिऱ्हाइकाचं काम तो मन लावून करतो, असा माझा अनुभव आहे.

नमुन्यावर ठरल्या भाराच्या सव्वापट, म्हणजे तीनशेच्या वर किलो, एकेका कप्प्यावर चढवले. आडवी दोरी ताणून पट्टीने मोजलं, झोळ चार मिलिमीटरच्या आत. रात्रभर ठेवून सकाळी वजन उतरवलं, पत्रा सरळ. अण्णा स्वतः वाकून बघत होते. त्यानंतर त्यांनी शंका घेतली नाही.

नमुन्यात एक दोष मात्र निघाला. चौकटीचे दोन कर्ण मोजले तर सहा मिलिमीटरचा फरक. जमिनीवर गुण्या लावून वेल्डचे टॅक (तात्पुरते ठिपके) मारले होते आणि फुल वेल्डिंगच्या उष्णतेने चौकट ओढली गेली होती. एका रॅकला सहा मिलिमीटर कळत नाहीत, पण बारा रॅक एका रांगेत बोल्टने जोडायचे म्हणजे शेवटच्याला भोकच जुळणार नाही. अण्णांनी त्यांच्या सपाट टेबलावर स्टॉपर लावून एक जिग केली, चौकट तीत आवळायची, आलटूनपालटून समोरासमोरचे कोपरे वेल्ड करायचे आणि थंड झाल्यावरच सोडायची. पुढच्या सगळ्या चौकटी दोन मिलिमीटरच्या आत आल्या. तुमचं काम देताना ‘कर्णातला फरक २ मिमी’ ही ओळ ड्रॉइंगवर असू द्या.

ड्रॉवर हा भाग मला स्वतःला फार आवडला. जॉ ठेवायच्या ट्रेला बाजारातल्या टेलिस्कोपिक चॅनेल (ड्रॉवरच्या सरकपट्ट्या) तोकड्या पडतात. जास्त भाराच्या मिळतात, पण महाग. तिने ६२०२च्या बेअरिंगची चाकं करून अँगलमध्ये पळणारे ट्रे काढले. हे बेअरिंग कुठल्याही दुकानात मिळतं, बाहेरचा व्यास ३५, खराब झालं तर आमचाच पोरगा पाच मिनिटांत बदलतो. फक्त एका वेळी एकच ट्रे बाहेर यावा म्हणून एक उभी अडसरपट्टी घातली, कारण तीन भरलेले ट्रे एकदम ओढले तर कपाट अंगावर येऊ शकतं.

पावडर कोटिंगच्या आधी तपासणी, ही अट पैशांच्या हप्त्यांशी बांधली होती: ४० टक्के ऑर्डरबरोबर, ४० टक्के कोटिंगआधीची तपासणी पास झाल्यावर, २० टक्के बसवून झाल्यावर. एकदा रंग चढला की वेल्ड खालून तुटकं आहे की भरलेलं, काही दिसत नाही. म्हणून माल काळा असतानाच मी आणि ती मुलगी एकेक वेल्ड बघत गेलो आणि खडूने खुणा करत गेलो. पैसे मात्र वेळेवर द्यावेत. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं देणं लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकवावं लागतं, नाहीतर आता आयकरात तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच धरता येतो, आणि तसंही त्यांच्या पोरांचा शनिवारचा पगार आपल्याच बिलावर असतो.

कोटिंगवाल्याची भट्टी किती लांबीची आहे, हे डिझाइनच्या आधीच विचारून घेतलं होतं. म्हणूनच सगळं बोल्टने जोडायचं ठेवलं, एकेक भाग भट्टीत मावेल एवढा. बंद चौकोनी पाइपला दोन्ही टोकांना खालून भोकं ठेवली. कोटिंगआधी माल फॉस्फेटिंगच्या, म्हणजे रंग धरावा आणि गंज रोखावा म्हणून केलेल्या रसायनाच्या, टाक्यांत बुडवतात. भोक नसलं तर ते पाणी आत अडकतं, भट्टीत १८०-२०० अंशाला फुटून रंगावर फोड येतात आणि राहिलेलं आतून गंज धरतं. रंगाची जाडी ६० ते ८० मायक्रॉन मागितली होती आणि गेज लावून मोजून घेतली.

बसवताना फरशीने थोडा वेळ खाल्ला. आमची शेड जुनी. अँकर बोल्टसाठी भोकं पाडून बघितली तेव्हा एका कोपऱ्यात काँक्रीट पातळ निघालं. तिथे फोडून नवा पाया भरला, तो पक्का व्हायला वेळ दिला, मगच बारचा रॅक उभा केला. ओळंबा आणि पाणसळ लावून, बेसप्लेटखाली पॅकिंग घालून. बार वाहायला वरच्या चेन पुलीची रेघ रॅकच्या हातांच्या बरोबर वर येते का, हे मॉडेलमध्येच बघून घेतलं होतं, त्यामुळे तिथे अडचण आली नाही. खंडेनवमीला मशीनच्या पूजेबरोबर रॅकलाही हळदीकुंकू लागलं.

प्रत्येक रॅकवर भाराची पाटी आहे: कप्प्याला किती, एकूण किती. कन्नड, मराठी आणि हिंदी, तिन्ही भाषांत. आमच्याकडे येळ्ळूरची मुलं आहेत, बैलहोंगलची आहेत आणि उत्तर प्रदेशातलीही आहेत. वजनाचा आकडा ज्याने वाचायचा त्याच्या भाषेत असला पाहिजे. दर तीन महिन्यांनी बोल्ट आवळायचे आणि एकेका हाताच्या मुळाचा वेल्ड बघायचा, हे देखभालीच्या वहीत घातलंय.

उरलेल्या तुकड्यांचा रॅक मी या खेपेला मुद्दाम घेतला नव्हता, कारण तुकडे किती आणि कोणत्या मापाचे साठतात याचा तक्ता नव्हता. आता बारचं काम मार्गी लागल्यावर तो तक्ता करतोय. व्यासाप्रमाणे उभे कप्पे, टोकाला ग्रेडप्रमाणे रंग, आणि तीनशे मिलिमीटरपेक्षा लहान तुकडा रॅकवर चढवायचाच नाही, तो सरळ भंगारात, एवढं ठरलंय. तक्ता पूर्ण झाला की खानापूरला पाठवायचा आणि ड्रॉइंग आलं की मच्छेला अण्णांकडे, नगावर दर मागायला.